गाठींचा रकाना

पाचपावलीत पारा एकोणपन्नासावर गेला
असं पत्र वेधशाळेत आलं,
निळ्या शाईत, तारीख-वेळेसकट.
साहेब म्हणाले, जाऊन या एकदा,
नाहीतर दर मे महिन्यात हा माणूस लिहीत राहील.

मी गेले.
बॅगेत प्रमाणपत्र असलेला तापमापक,
आणि त्याच्याच शेजारी, ऊन लागू नये म्हणून
आईनं कोंबलेला कांदा.

डोमाजी हेडाऊ.
त्या गल्लीत हातमाग आता एकच वाजतो, त्यांचा.
त्यांचा तापमापक बंद पडलेल्या औषध दुकानाच्या जाहिरातीचा,
टिनाच्या भिंतीवर, खिळ्याला.
अर्धा तास दोन्ही शेजारी ठेवले.
माझा सेहेचाळीसवर थांबला. त्यांचा गेला पुढे.

सांगितलं, काका, हे हवेचं नाही,
तापलेल्या भिंतीचं तापमान आहे.
ते खाली बसले.
"म्हंजे एकवीस वर्सं मी भितीलेच विचारत होतो?"
मग पाणी दिलं, आणि म्हणाले,
"रोज सारखंच जास्त सांगते का वो ते?"

हा प्रश्न सुचायला
मला एम. एस्सी. नंतर दोन वर्षं लागली होती.

नाही, म्हटलं. सकाळी थोडं, दुपारी खूप,
वारा असेल तर वेगळंच.
वजा करून सुटका नाही.

त्यांनी वह्या काढल्या.
तारीख, दुपारचा पारा, आणि तिसरा रकाना: गाठी.
"हवा सुकली का ताण्याचे धागे तुटतात.
जेवढे तुटले, तेवढ्या गाठी.
पारा मागून लिवाले लागलो.
मले तं एवढंच पायजे होतं,
उद्या टाट किती डाव ओलं करू."

मी पानं उलटत गेले.
एका जूनमध्ये: खिळा बदलला, दोन वीत खाली.
एका एप्रिलात: घरी मयत. वाचलं नाही.
पुढचे चार दिवस कोरे,
रेघा मारलेल्या, आकडा नाही.

आमच्या कचेरीत एक जाड नोंदवही आहे.
तिच्यात एका दिवाळीला सलग सहा दिवस
तोच आकडा, दशांशासकट,
खाली सही सुरेख.
ते वर्ष माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे.

तरीही एकोणपन्नास चूकच होतं.
वह्या एकवीस झाल्या म्हणून
भिंत थंड होत नाही.
हे मी त्यांना म्हटलं नाही;
त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.

कागदावर पेटी काढून दिली:
पांढरी, झडपांची, जमिनीपासून चार फूट,
दार उत्तरेला.
"उत्तरेलेच काहून?"
सांगितलं. पटल्यावरच मान हलवली.

निघताना, चपला घालता घालता, मी म्हणाले,
आमच्याकडेही ओलावा मोजायचं जुनं यंत्र आहे,
त्याच्या आत माणसाचा केस ताणून बसवलेला असतो.
हवा कोरडी झाली की आखडतो, दमट झाली की लांबतो.
ते हसले. तुटलेला धागा बोटात तसाच.
"कोनाचा?"

अकरा वर्षं मी त्या यंत्राची चावी देते आहे.
प्रमाणपत्रावर अनुक्रमांक आहे,
तपासणीची तारीख आहे.

महिन्याभरानं पत्र आलं.
जुन्या मागाच्या लाकडाची पेटी केली.
बाजूच्या वस्तीपेक्षा आपण थंड निघालो
म्हणून गल्लीतली पोरं तुमच्यावर नाराज आहेत.
पहिल्या सगळ्या वह्यांवर लिहून ठेवलं:
पारा भिंतीचा समजावा. गाठी बरोबर.

आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून
समासात, उभं:
केस कोणाचा, ते कळलं का?